निस्तरणार कोण?

‘मॅडम, नॉर्मल आहे. बर्फ लावा.’

माझ्या एका मैत्रिणीच्या फोनमध्ये हा मेसेज अजून आहे. तिने तो पुसलेला नाही, पुसणारही नाही म्हणते. ओठ जरा भरलेले दिसावेत म्हणून तिने फिलरचं, म्हणजे कातडीखाली जागा भरणाऱ्या जेलचं, इंजेक्शन घेतलं होतं. घरी पोचून आरशात पाहिलं तर वरच्या ओठाची डावी बाजू खडूसारखी पांढरी. तासाभरात पांढऱ्याचं जांभळट झालं आणि ओठापासून नाकपुडीपर्यंत, कातडीखाली कुणी बारीक जाळी अंथरावी तशा रेषा उमटल्या. तिने फोटो काढून क्लिनिकला पाठवला, त्यावर आलेलं हे उत्तर. तिने इमानेइतबारे बर्फ लावला. दुखत फारसं नव्हतं, त्यामुळे तिचीही समजूत पटली.

दुखत नव्हतं, कारण त्या जेलमध्येच लिडोकेन हे भुलीचं औषध मिसळलेलं होतं. आजकालच्या बऱ्याच फिलरमध्ये ते असतं. आणि बर्फाचं म्हणाल तर साध्या सुजेला, काळ्यानिळ्या डागाला तो चांगला. पण जेल रक्तवाहिनीत शिरून पुढचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर थंडाव्याने वाहिन्या आणखी आकसतात. तिथे लागतो शेक, मालिश आणि मुख्य म्हणजे जेल विरघळवणारं हायल्युरोनिडेज, तेही ताबडतोब. रात्री ठणका सुरू झाला तेव्हा क्लिनिकचा फोन नुसता वाजत राहिला.

चेहऱ्यावर इंजेक्शनं घ्यावीत की नाही, यावर मला इथे काही म्हणायचं नाही. ज्याला घ्यायची त्याने घ्यावीत. माझा प्रश्न त्यापुढचा आहे: बिघडलं तर निस्तरणार कोण? बिघडलेलं ज्याला ओळखता येत नाही, निस्तरायचं औषध ज्याच्या कपाटात नाही आणि रात्री फोन उचलायची ज्याची तयारी नाही, त्याच्या हाती सुई असता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आज बहुतेक ठिकाणी उलटंच दिसतं. टोचणारा एक, निस्तरणारा दुसरा, आणि मधल्या मध्ये फरफट होते ती टोचून घेणाऱ्याची.

सगळे दुष्परिणाम एकाच मापाने मोजायची सवय आधी सोडायला हवी. बोटॉक्स आणि फिलर यांची नावं जोडीने घेतली जातात, पण त्यांचं काम वेगळं आणि बिघडणंही वेगळं. बोटॉक्स हे खरं तर एका कंपनीच्या औषधाचं नाव. आत असतं ते बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे एका जिवाणूचं विष. अतिशय अल्प मात्रेत ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. स्नायू आकसत नाही, म्हणून वरच्या कातडीला सुरकुती पडत नाही. परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे, आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. कपाळावर टोचलेलं हे औषध थोडं खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं, की डोळ्यावरचं शटर अर्धं खाली येतं. माणूस मग हनुवटी वर करून बोलायला लागतो, फोटोत चेहरा तिरका धरतो.

अशी उतरलेली पापणी झटक्यात वर आणणारं औषध नाही. एकदा तंतूंच्या टोकांत शिरलेलं हे विष बाहेर काढता येत नाही. अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब घातले तर पापणीतला दुसरा एक छोटा स्नायू कामाला लागतो आणि एखाद-दोन मिलिमीटरची उचल मिळते. बाकी काही आठवडे वाट पाहायची. म्हणजे इथे खऱ्या डॉक्टरचं उत्तर ‘थांबा’ हेच असतं. पण हे सांगायला धीर लागतो, समोरच्याचा रडवेला चेहरा पाहत बसावं लागतं. त्यापेक्षा ‘जरा टच-अप करू या’ म्हणणं सोपं. मग एका बाजूच्या चुकीला दुसऱ्या बाजूने ठिगळ लागतं, आणि काही आठवड्यांचं दुखणं काही महिन्यांचं होतं.

या औषधाचा इतिहास पाहिला तर यातली गंमत, म्हणजे कडवट गंमत, लक्षात येते. १८२० च्या दशकात युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला, आणि हेच विष कधीतरी औषध म्हणून वापरता येईल असंही सुचवलं. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९८९ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मान्यता दिली ती तिरळेपणासाठी आणि पापण्यांना येणाऱ्या आकडीसाठी, म्हणजे त्या आपोआप घट्ट मिटतात त्यासाठी. सुरकुत्यांचा तेव्हा विषय नव्हता. व्हँकूव्हरमध्ये जीन करुथर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या या आकडीवर हेच इंजेक्शन देत असत. त्यांच्या एका रुग्णाने भुवयांच्या मध्ये इंजेक्शन द्यायचा आग्रह धरला, का तर तिथे दिलं की कपाळावरच्या आठ्या जातात. जीन यांनी ही गोष्ट त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या पतीला, अ‍ॅलिस्टर करुथर्स यांना सांगितली आणि १९९२ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता आली २००२ मध्ये. म्हणजे हा अख्खा व्यवसाय उभा आहे तो एका रुग्णाने सांगितलेल्या अनपेक्षित परिणामावर, आणि तो ऐकून, टिपून ठेवणाऱ्या एका डॉक्टरवर. आज त्याच व्यवसायात अनपेक्षित परिणाम सांगायला गेलं की ‘नॉर्मल आहे’ म्हणून फोन ठेवला जातो.

फिलरची गोष्ट वेगळी. तो जागा भरून काढतो. सगळ्यात जास्त वापरात असतं हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. १९३४ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरापासून. त्याची मोठी सोय ही की हायल्युरोनिडेज टोचलं की तो विरघळतो. बिघडलेलं बऱ्याच अंशी पुसता येईल अशी ही दुर्मीळ वस्तू. पण ‘फिलर’ या एकाच नावाखाली कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे कण येतात, पीएमएमए या प्लास्टिकचे सूक्ष्म मणी येतात, आणि त्यांना विरघळवणारं औषध नाही. मणी तर शरीरात कायमचेच राहतात. कुणी चोरूनमारून द्रवरूप सिलिकॉन टोचलं असेल तर बोलायलाच नको. आपल्या गालात यातलं नेमकं काय भरलंय, हे किती जणांना माहीत असतं?

माझ्या मैत्रिणीला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली, मी सोबत होते. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी तिच्या ओठावर अंगठा दाबून धरला, सोडला आणि मनाशी मोजायला लागले. निरोगी कातडी दाबून सोडली की दोनेक सेकंदांत पुन्हा लाल होते. मीही मोजत होते. सहापर्यंत मोजलं तरी तो ठसा पांढराच होता. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुठलं प्रॉडक्ट? किती भरलं? बॅच नंबर? तिने पर्स उपडी केली. हाती लागली ती एक पावती, तिच्यावर ‘लिप ट्रीटमेंट’ एवढे दोन शब्द.

डॉक्टरांनी अंदाजाने हायल्युरॉनिक अ‍ॅसिड धरलं आणि विरघळवायचं औषध टोचलं. तासाभराने पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा टोचलं. असं दुपारपर्यंत चाललं. अंदाज बरोबर ठरला हे तिचं नशीब. ओठ वाचला, नाकपुडीच्या कडेला तिळाएवढा व्रण राहिला. पण एखाद्याचा ओठ वाचणं हे कुणाच्या अंदाजावर का अवलंबून असावं? सुई टोचण्याआधी डबीवरचा स्टिकर काढून एका कार्डावर चिकटवायला असा किती वेळ लागतो? जेलच्या डबीत असे स्टिकर बहुधा आयतेच दिलेले असतात. एक क्लिनिकच्या वहीसाठी, एक घेणाऱ्यासाठी.

हे कार्ड त्या रात्रीपुरतंच कामाचं असतं असंही नाही. काहींच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी अचानक कडक गाठी येतात, कधी फ्लूनंतर, कधी दातांच्या संसर्गानंतर. डोळ्यांखाली जेल फार वरच्या थरात भरलं असेल तर तिथे निळसर छटा दिसते आणि माणूस झोप कमी पडते म्हणून वर्षभर क्रीम लावत बसतो. ‘वर्षभरात आपोआप जातं’ असं सर्रास सांगितलं जातं, पण एमआरआयमध्ये कित्येक वर्षांपूर्वीचं जेल जागेवर दिसल्याच्या नोंदी आहेत. तोवर क्लिनिकची जागा बदललेली असते, टोचणारी व्यक्ती सोडून गेलेली असते, आणि नव्या डॉक्टरसमोर आपण आठवायला बसतो, गुलाबी डबी होती की निळी.

‘असं लाखात एखाद्याचं होतं हो,’ हा या व्यवसायातल्या लोकांचा आवडता युक्तिवाद. गंभीर गुंतागुंत दुर्मीळ आहे, हे खरंच आहे. बहुतेकांना चार दिवस सूज आणि एखादा डाग, यापलीकडे काही होत नाही. पण दुर्मीळ म्हणजे किती, हे सांगायला कुणीतरी मोजत असावं लागतं. फिलरनंतर दृष्टी गेल्याच्या किंवा अधू झाल्याच्या जगभरात प्रसिद्ध झालेल्या घटना काही डॉक्टरांनी २०१५ मध्ये गोळा केल्या, तेव्हा त्या ९८ भरल्या. त्याच गटाने २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेतला, तर मधल्या चारेक वर्षांत आणखी ४८. हे आकडे लहान वाटतील. पण हे फक्त तेच रुग्ण, ज्यांच्याबद्दल कुणा डॉक्टरला लिहावंसं वाटलं आणि कुठल्या नियतकालिकाला छापावंसं वाटलं. ज्याच्या हातून झालं, त्यानेच लिहून कळवायचं, अशी ही व्यवस्था.

दृष्टी जाते कशी, हेही समजून घेण्यासारखं आहे. दोन भुवयांच्या मधल्या आणि नाकावरच्या बारीक धमन्या आत डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. सुईचं टोक अशा धमनीत असताना पिचकारी जोराने दाबली, तर जेल रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे ढकललं जातं. दाब सुटला की रक्तच ते पुढे, थेट डोळ्याच्या पडद्याकडे वाहून नेतं. पडदा रक्तावाचून तग धरतो तो तास-दीड तास. एवढ्या वेळात काय झालंय हे ओळखायचं, औषध द्यायचं, नेत्रतज्ज्ञ गाठायचा. इतकं करूनही गेलेली दृष्टी परत येणं अवघड. एफडीएने २०१५ मध्येच याबद्दल जाहीर सूचना दिली होती. ज्या टेबलावर ही पिचकारी दाबली जाते, तिथल्या माणसाला हे दीड तासाचं गणित पाठ असायला नको का?

आता दुसरा युक्तिवाद, जो मला जास्त टोचतो. ‘कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला? विकतचं दुखणं!’ हे क्लिनिकवाले म्हणत नाहीत. हे घरचे म्हणतात, ऑफिसातले म्हणतात, आणि दुर्दैवाने इतर दवाखान्यांतले डॉक्टरही म्हणतात. माझ्या मैत्रिणीने त्या रात्री एका दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, ‘जिथे केलंत तिथेच जा.’ डोंगर चढताना पाय मोडलेल्याला आपण असं म्हणतो का? मोटारसायकल हौसेने चालवणारा पडला तर त्याच्या हाडाला प्लास्टर घालायच्या आधी त्याला प्रवचन देतो का? हौसेला मोल नसतं म्हणतात. चेहऱ्याच्या हौसेला दादही नसते.

आणि ही लाज वाया जात नाही, ती कुणाच्या तरी कामी येते. तोंड लपवून बसलेला माणूस तक्रार करत नाही. नवऱ्यापासून, आईपासून लपवून इंजेक्शन घेतलेलं असतं, म्हणून बिघडल्यावर ओढणी गुंडाळून चार दिवस काढायचे, आणि हातचे पहिले काही तास, जे खरे मोलाचे, ते त्यातच जातात. तक्रार नाही म्हणजे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे ‘लाखात एखादं’ म्हणायला सगळे मोकळे. वय दिसू देऊ नका असं बायकांना उठताबसता सुनवायचं आणि कुणी तसं करायला जाऊन पोळली की ‘कशाला गेली होतीस?’ विचारायचं, हा दुतोंडीपणा याच साखळीतली एक कडी आहे.

संमतीपत्रावर सही असते, हे मान्य. पण सही कशाला केलेली असते? गुंतागुंत होऊ शकते याला. झाली तर तुम्ही मला वाऱ्यावर सोडा, याला कुणी सही केलेली नसते. उत्तम डॉक्टरच्या हातूनही जेल धमनीत जाऊ शकतं, कारण प्रत्येकाच्या चेहऱ्यातल्या वाहिन्यांची वाट थोडी निराळी असते. त्यात दोष शोधायला मी निघालेली नाही. दोष सुरू होतो तो फोटो पाहूनही माणसाला परत बोलावलं नाही तिथे.

ब्रिटनमध्ये २०१३ साली सर ब्रूस किओ यांच्या समितीने या सगळ्याचा आढावा घेतला होता. शस्त्रक्रियेविना होणारे असे सौंदर्योपचार घेणाऱ्याला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही, असं त्या अहवालात म्हटलं होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं गुन्हा ठरलं. परवाना पद्धत आणायचा अधिकार २०२२ च्या कायद्याने सरकारला दिला, पण अधिकार मिळणं आणि परवाना प्रत्यक्षात येणं यांच्यामध्ये पुन्हा वर्षं गेली. दुखण्याची चाल सशाची आणि नियमांची कासवाची. इथे कासव जिंकत नाही.

नियम कडक केले तर लोक चोरवाटेने जातील, असं म्हणतात. लोक आजही जातातच. सुईविना दाबाने जेल कातडीत सोडणारी पेनं लोक घरी मागवतात, त्यांच्याबद्दल एफडीएला ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा द्यावा लागला. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ बायका बनावट किंवा गैरहाताळणीच्या बोटॉक्सने आजारी पडल्याचं जाहीर झालं, त्यातल्या ११ जणींना रुग्णालयात ठेवावं लागलं. इंजेक्शनं दिलेली होती विनापरवाना किंवा अप्रशिक्षित माणसांनी, नाहीतर घरी, स्पामध्ये. चोरवाट फोफावते, कारण राजरस्ता आणि चोरवाट यांच्यात ग्राहकाला फरकच दिसत नाही. दोन्हीकडे तोच पांढरा कोट, तीच खुर्ची, तीच गोल आरशाची दिव्यांची चौकट.

म्हणून मला मोठ्या परवाना-मंडळापेक्षा एक साधी अट महत्त्वाची वाटते. जो टोचेल, त्याच्याकडे निस्तरण्याचं औषध मुदतीच्या आत, पुरेशा मात्रेत, त्याच खोलीत असलं पाहिजे, आणि ते द्यायचा त्याला कायद्याने अधिकार असला पाहिजे. या एकाच अटीत पुष्कळ काही येतं. हायल्युरोनिडेज काही पाणी नव्हे. त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते, मधमाशीच्या विषातही हेच विकर असल्याने ज्यांना मधमाशी चावून जीव घाबरा होतो त्यांच्या बाबतीत जास्तच जपावं लागतं. म्हणजे ते ठेवणाऱ्याला अ‍ॅलर्जीचा झटकाही सांभाळता यायला हवा. जो हे करू शकत नाही, तो आपोआप गळतो. त्याच्या जोडीला ते स्टिकरचं कार्ड, चोवीस तास उचलला जाणारा एक फोन नंबर, आणि गंभीर गुंतागुंत कळवण्याची सक्ती. कळवणाऱ्याला शिक्षा नको. लपवणाऱ्याला हवी.

हल्ली दुसरं टोकही दिसतं, तेही सांगायला हवं. भीतीचे व्हिडिओ पाहून लोक चांगलं बसलेलं फिलरही ‘सगळं काढून टाका’ म्हणत विरघळवायला धावतात. मग गाल बसले म्हणून पुन्हा भरायला. बिघडलंय की नुसतं नवं वाटतंय, हे ठरवायला सूज उतरेपर्यंत दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात. पांढरी पडलेली कातडी, जाळीदार जांभळटपणा, वाढत जाणारा ठणका, नजरेत काहीही फरक, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यांना मात्र दोन आठवडे काय, दोन तासही द्यायचे नसतात. हा फरक घरी जाताना तोंडी न सांगता लिहून हातात द्यावा, एवढं तरी कुठल्याही नियमाची वाट न पाहता करता येईल.

माझी मैत्रीण वर्षभराने पुन्हा गेली. मी असते तर गेले नसते, पण चेहरा तिचा आहे. या वेळी नव्या डॉक्टरकडे, आणि मला धरून. खुर्चीत बसायच्या आधी तिने विचारलं, ‘विरघळवायचं औषध आहे का तुमच्याकडे? मला दाखवा.’ मला जरा अवघडल्यासारखं झालं. डॉक्टरबाई काही न बोलता उठल्या, कपाट उघडलं, कुपी काढली आणि तिच्यावरची मुदत वाचून दाखवली. मग म्हणाल्या, ‘आणखी तीन आहेत, मोजून घ्या.’ तिने मोजल्या.